तार जिथे संपते

दिवाळीच्या शुभेच्छांना एकेकाळी नंबर असे, हे सांगितले की माझी नातवंडे हसतात. पण नंबर खरोखरच होता, आणि तोही पहिला. तारघरात शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांचा एक तक्ता असे. एक म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, दोन म्हणजे ईद मुबारक, सहा म्हणजे घरात आलेल्या नव्या पाहुण्याबद्दल अभिनंदन, आठ म्हणजे नवदांपत्याला आशीर्वाद. आपण फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा. तारेतून आकडाच धावत जाई आणि पलीकडच्या गावी त्याचे पुन्हा वाक्य होऊन चित्रांच्या रंगीत कागदावर घरी येई. आठाच्या जागी सहा पडला तर बोहल्यावरून नुकत्याच उतरलेल्या जोडप्याची काय अवस्था होईल, हा तारघरातला जुना विनोद.

हे आकडे आमच्या पुण्याच्या वाड्यात घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे तारवाले मामा. त्यांचे खरे नाव आम्हा मुलांना ठाऊक नव्हते, आणि ते विचारावे असेही कधी वाटले नाही. पाऊस हा जसा नुसता पाऊस असतो, तसे ते तारवाले मामा होते. खाकी कपडे, खांद्यावरून तिरकी घेतलेली चामडी पिशवी, पायजम्याला चिमटा, आणि काळी, उंच, दणकट सायकल. त्या सायकलच्या घंटीचा आवाज मला आजही शंभर आवाजांतून ओळखता येईल. या लेखात मला इतिहास सांगायचा आहे तो तारेचा. पण मामांना वगळून तो सांगता येत नाही, ही माझी अडचण आहे.

तारायंत्राचा इतिहास लिहिणारे एका माणसाला विसरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डॉ. विल्यम ओशॉनेसी हे पेशाने वैद्य. कलकत्त्यास रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांना विजेच्या तारेचा नाद लागला. १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार उभी राहिली. १८५४च्या मार्चमध्ये आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला, आणि १८५५च्या फेब्रुवारीत पैसे मोजणाऱ्या कोणाही माणसासाठी तार खुली झाली. ज्या अंतराला घोडा आणि हरकारा आठवडे घेत, ते अंतर आता मिनिटांवर आले.

हे सगळे खरे. परंतु तार कितीही लांब ओढली तरी ती शेवटी तारघरातल्या टेबलापाशीच संपते. तिथून तुमच्या-आमच्या उंबऱ्यापर्यंत विजेचा काही इलाज चालत नाही. तिथे माणूसच लागतो. हजार मैलांचा प्रवास वीज क्षणात करी आणि शेवटचा मैलभर एका माणसाच्या पायांवर सोडून देई. इतिहासाच्या पुस्तकांत हजार मैल आहेत. तो एक मैल नाही.

त्या मैलाची माणसे जगभर सारखीच. आपल्याकडे पहिली तार उभी राहत होती, त्याच सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एक गरीब स्कॉटिश पोरगा आठवड्याला अडीच डॉलरवर तारा वाटण्याच्या कामाला लागला. त्याने गावातल्या व्यापाऱ्यांची नावे आणि चेहरे पाठ केले, म्हणजे माणूस रस्त्यात भेटला तर तार तिथेच देता यावी. पुढे पोलादाचा राजा म्हणून गाजलेला अँड्र्यू कार्नेगी तो हाच. पत्त्यापेक्षा माणूस ओळखावा, हा या धंद्याचा पहिला धडा त्याला वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी कळला होता.

कार्नेगी पायीच धावत असे. पुढे १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले याने दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने तिला हवेचे टायर दिले, आणि जगातल्या तारवाल्यांना जणू पंख फुटले. सायकलवर किती भिस्त ठेवता येते हे १८९४च्या जुलैत कॅलिफोर्नियात दिसले. रेल्वेचा मोठा संप झाला, टपाल अडकले. तेव्हा फ्रेस्नो गावच्या एका सायकल-दुकानदाराने सायकलस्वारांची साखळी उभी करून दोनशे मैलांवरच्या सॅन फ्रान्सिस्कोला टपाल धाडायला सुरुवात केली. एकाने थकून उतरावे आणि दुसऱ्याने पिशवी घेऊन पुढे निघावे. त्याने स्वतःचे तिकीटही छापले, आणि घाईत त्यावर सॅन फ्रान्सिस्कोचेच स्पेलिंग चुकले! टपाल मात्र चुकले नाही. संग्राहक लोक ते तिकीट आजही जपून ठेवतात.

आता पुण्याला परत येतो. त्या काळचे पुणे म्हणजे सायकलींचे गाव. सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचा असा गजर चाले, की देवळातली आरती बरी. त्या गजरातही तारवाल्यांची जात वेगळी दिसे. एकदा वडिलांबरोबर तारघरात गेलो असता मी त्यांची खोली पाहिली. एक लांब बाक, भिंतीशी ओळीने लावलेल्या सायकली, कोपऱ्यात पंप आणि पंक्चरचे सामान. आतून यंत्राची कड्कट्ट चाले आणि बाहेर हे लोक चहाच्या कपावर आपापल्या पेठांची माहिती एकमेकांना देत. कुठल्या बोळात कुत्रे आहे, कुठल्या वाड्याला मागून दार आहे, कुठल्या घरी ऐकू न येणारे आजोबा एकटे असतात. कोणाच्या वाटणीची तार आली की तो कप अर्धा ठेवून उठे. उरलेला चहा दुसऱ्या कोणी प्यायचा नाही, असा त्यांचा अलिखित कायदा होता. तो परत आला की तोच गार चहा पिई.

एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तार बहुधा इंग्रजीत असे. देवनागरीत तार करण्याची सोय १९४९ साली सुरू झाली खरी, पण सवयीने लोक इंग्रजीतच करीत. आणि घेणारा? त्याला पुष्कळदा मराठीही धड वाचता येत नसे. तेव्हा तार देणे एवढेच तारवाल्याचे काम नव्हते. पावतीवर सही घेऊन वेळ घालून घेतली की सरकारी काम संपले. पण समोरची बाई कागद उलटा धरून तुमच्या तोंडाकडे पाहते आहे, तेव्हा खरे काम सुरू होई. त्या कामाचा पगार नव्हता आणि नियमही नव्हता.

१९६१ साली १२ जुलैला पानशेत फुटले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांतली घरे ढेकळासारखी विरघळली. तारा पुन्हा सुरू झाल्या आणि गावोगावहून चौकशीचा पूर लोटला: कसे आहात, कळवा. पण ज्या पत्त्यावर तार आली तिथे घरच नव्हते. मामा आणि त्यांचे सोबती चिखलातून सायकली ढकलत शाळाशाळांतून फिरत, जिथे घर गेलेली माणसे उतरली होती तिथे वर्गावर्गात उभे राहून नावे पुकारीत. “घर गेलं म्हणून काय झालं? माणूस आहे ना! मग तार लागू आहे,” असे मामा माझ्या आजीला म्हणाल्याचे घरात पुढे कितीदा तरी सांगितले गेले. कार्नेगीचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही.

आता त्या घंटीविषयी.

आनंदाची तार असली की मामा चौकापासूनच घंटी वाजवायला लागत. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! परीक्षेचा निकाल असो, मुलगी झाल्याची बातमी असो, वाड्याच्या दिंडीदरवाजात ते येईतो आम्ही दहा-बारा मुले त्यांच्यामागे असू. पण वाईट तार असली की ते बोळाच्या तोंडाशी सायकलवरून उतरत. सायकल हातात धरून, मुकाट्याने, पायी येत. आणि ज्या घरची तार त्या घरी आधी जात नसत. शेजारी जात. शेजारच्या कोणा मोठ्या बाईला हळूच म्हणत, “जरा माझ्याबरोबर चला.” मग दोघे मिळून ते दार वाजवीत.

ही रीत त्यांना कोणी शिकवली, ते मला फार उशिरा कळले. मामा सातारा जिल्ह्यातले. त्या जिल्ह्यात घरटी शिपाई देणारी गावे आहेत. अपशिंगे हे त्यांतले प्रसिद्ध गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान पडले, आणि गावाला ‘मिलिटरी’ हे आडनावच लागले. मामांचे गाव त्याच्या आसपासचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे वडील परदेशी होते. तार आली ती चावडीवर. मास्तरांनी ती चारचौघांत मोठ्याने वाचली आणि बातमी आईच्या आधी गावाला कळली. “आई विहिरीवर होती. लोक तिच्याकडं बघाय लागले, पण का बघतात ते तिला कुणी सांगंना,” एवढेच मामा एकदा बोलले. त्या एका दुपारीच त्यांनी आपला कायदा ठरवला असला पाहिजे.

१९६५च्या सप्टेंबरात लढाई पेटली. माझा थोरला भाऊ पंजाबच्या सरहद्दीवर होता. मागल्या चौकात एक काकू राहत. त्यांचा एकुलता एक मुलगाही तिकडेच. दोन्ही घरची पत्रे थांबली होती. रात्री दिवे मालवून वाडा काळोखात बसे आणि दिवसा प्रत्येक सायकलच्या आवाजाला कान देई.

एके दिवशी दुपारी मी ओट्यावर गोट्या खेळत होतो. बोळाच्या तोंडाशी मामा उतरले. सायकल हातात धरली. मी खेळ टाकून उभा राहिलो. ते माझ्याकडे न पाहता सरळ आमच्या दाराशी आले आणि आजीला म्हणाले, “आजी, जरा माझ्याबरोबर चला.”

आजी उठली. तिचे पाय लटपटत होते. तिला वाटले, हे आपल्यालाच. मग तिच्या ध्यानात आले की ज्याचे असते त्याला ‘चला’ म्हणत नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिलाही ते त्याच क्षणी कळले. आणि मला? मी अकरा वर्षांचा होतो. माझ्या मनात पहिल्याने आला तो आनंद. आमचे नाही! मग मागच्या चौकातून काकूंचा आवाज आला आणि त्या आनंदाची मला जी लाज वाटली ती साठ वर्षे झाली तरी गेलेली नाही.

मामा त्या दिवशी काकूंच्या उंबऱ्याशी दिवेलागणीपर्यंत बसून होते. त्यांनी काही समजूत घातली नाही. पिशवीत आणखी तारा असणार. त्या त्यांच्या सोबत्यांपैकी कोणी येऊन मुकाट्याने घेऊन गेला. त्या बाकावरच्या लोकांचा कायदा फक्त चहापुरता नव्हता, हे त्या दिवशी मी पाहिले.

विल्यम सारोयान नावाचा अमेरिकन लेखक लहानपणी फ्रेस्नोमध्ये, त्या सायकल-टपालाच्याच गावी, तारा वाटण्याचे काम करीत असे. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, त्याने ‘द ह्यूमन कॉमेडी’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात सायकलवरून तारा वाटणारा एक पोरगा आहे. एका मेक्सिकन आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या मुलाच्या मरणाची तार त्याला स्वतः वाचून दाखवावी लागते. मोठेपणी मी ती वाचली आणि पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. कॅलिफोर्नियातला तो उंबरा आणि आमच्या मागल्या चौकातला उंबरा यांत मला काही अंतर दिसेना.

त्या वर्षीही दिवाळी आली. लढाई थांबली होती, पण भाऊ अजून सरहद्दीवरच होता. वाड्याने आपसांत ठरवले होते: फटाके नाहीत, आकाशकंदील नाही. फराळ केला तो मुलांपुरता. नरकचतुर्दशीच्या सकाळी आई चकल्या तळत होती. मी सहज बोळाकडे पाहिले, तो मामा बोळाच्या तोंडाशी उतरले. सायकल हातात. घंटी नाही.

वाडा जागच्या जागी थिजला. आई तशीच, झारा हातात धरून, दारात आली. कढईतली चकली काळी पडत चालली होती, तिचा वास मला अजून आठवतो. मामा चौकाच्या मध्यावर आले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून एकदम थबकले. आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी घाईघाईने पिशवीतून कागद काढून उंच धरले. रंगीत कागद! चित्रांचे! नंबर एक! कोणाच्या मुंबईच्या जावयाची, कोणाच्या नागपूरच्या भावाची, आणि एक आमच्या दादाची. खुशाली आणि शुभेच्छा.

“चुकलं हो आई, चुकलं,” मामा आईला म्हणत होते. “म्हटलं, काकूंच्या दारावरनं घंटी वाजवत कसं जायचं? म्हणून उतरलो. हे ध्यानातच आलं नाही बघा.”

तेवढ्यात काकू मागल्या चौकातून बाहेर आल्या. सप्टेंबरनंतर त्या चौकात आल्याच नव्हत्या. दरवर्षी मामांना फराळाची पहिली पुडी त्यांच्याकडून मिळे. आजही हातात पुडी होती. त्यांच्या घरी फराळ झाला नव्हता, तेव्हा ती त्यांनी कोणाकडून आणली होती कोण जाणे. पुडी मामांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, “परत जा. चौकापर्यंत जा, आणि घंटी वाजवत या. पोरं वाट बघताहेत.”

मामा खरोखरच परत गेले. आणि चौकापासून घंटी वाजवीत आले. आमच्यापैकी कोणीही त्यांच्यामागे धावले नाही. आम्ही सगळे ऐकत उभे होतो. तशी दिवाळी मी पुन्हा पाहिली नाही.

पुढची हकीगत तुम्हाला ठाऊकच आहे. १९८५च्या सुमारास देशात वर्षाला सुमारे ६ कोटी तारा जात. मग टेलिफोन घरोघर आले, मागोमाग मोबाईल आले. १४ जुलै २०१३, रविवार, हा तारेचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मी मुद्दाम तारघरात गेलो. रांगेत बहुतेक तरुण मुले-मुली. आयुष्यातली पहिली तार आणि शेवटचीही. हसत-खिदळत फॉर्म भरीत होती. त्यांच्यावर रागवावे असे काही नव्हते. तार ज्या घरात कधी रडली नाही, त्या घरातल्या मुलांना ती गंमतच वाटणार.

मामा त्याआधीच काही वर्षे गेले. बातमी मला मोबाईलवर कळली. मी भर रस्त्यात, गाड्यांच्या गोंगाटात उभा होतो. कोणी तरुण आवाज एका वाक्यात म्हणाला, “आमचे आजोबा गेले.” त्याचा काही दोष नव्हता. पण माझ्यासाठी सायकलवरून उतरणारे कोणी नव्हते, एवढे मात्र तेव्हा जाणवले. मी पोचलो तेव्हा बोळाच्या तोंडाशी सात-आठ म्हातारे जमले होते. तारघराच्या त्या बाकावरचे. जवळ राहणारे काही जण सायकल घेऊन आले होते. घर हाकेच्या अंतरावर होते, तरी एकही जण सायकलवर बसला नाही. सगळे हातात सायकल धरून, मुकाट्याने, पायी आत गेले.

न्यूयॉर्कमध्ये सायकलवरून कागदपत्रे पोचवणाऱ्यांची अशीच एक मोठी जमात आहे. १९८७ साली तिथल्या महापौरांनी, एड कॉच यांनी, तीन मोठ्या रस्त्यांवर दिवसाच्या वेळी सायकलींना बंदी जाहीर केली, तेव्हा ही माणसे रस्त्यावर उतरली आणि ती बंदी शेवटी न्यायालयात टिकली नाही. १९९३पासून जगभरच्या शहरांतले असे सायकलस्वार शर्यतींसाठी एकत्र जमू लागले. पहिला मेळावा बर्लिनला झाला. आणि कोणी सायकलस्वार रस्त्यात अपघाताने गेला तर त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी करण्याची रीत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातून २००३ साली सुरू झाली, ती आता कितीतरी देशांत पोचली आहे. चित्रात अशी सायकल पाहिली की मला आमच्या बोळाचे तोंड आठवते. बोलायचे नाही, सायकल तेवढी उभी करायची.

आता माझ्या दारात रोज कोणी ना कोणी पार्सल घेऊन येतो. पाठीवर भली मोठी पिशवी, कानात फोन, जिन्यात धावती पावले. त्याला माझे नाव मोबाईलच्या पडद्यावर दिसते आणि मला त्याचे. दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी येतो. पण शेवटचा मैल अजून माणसाच्याच पायांवर आहे. तो विजेला अजूनही जमलेला नाही.

परवा वसुबारसेच्या दिवशी असाच एक मुलगा आला. मी त्याला थांबवून फराळाची पुडी दिली. तो गोंधळला, म्हणाला, “काका, हे कशाचं?” त्याला काय सांगणार! म्हटले, “पहिली पुडी तुझीच असते.” तो हसला आणि घाईने खाली गेला. थोड्या वेळाने खाली रस्त्यावर त्याच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. बहुधा वाटेत कोणी आडवे आले असेल. पण मी खिडकीशी उभा होतो, आणि मला तो ट्रिंग ट्रिंगच ऐकू आला.